श्रीलंकेतील २०२२चा उद्रेक आणि भारत : गैरसमज व वस्तुस्थिती

२०२२ साली श्रीलंकेत अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्याविरुद्ध उसळलेले आंदोलन तिथे ‘अरगलय’ या नावाने ओळखले जाते. इंधन, गॅस आणि दुधाच्या भुकटीसाठी लागलेल्या रांगांमधला संताप ३१ मार्चच्या रात्री कोलंबोलगतच्या मिरिहाना भागात, थेट गोटाबायांच्या घरासमोर फुटला. ९ एप्रिलपासून गॉल फेसच्या मैदानावर तंबू पडले. ९ मे रोजी पंतप्रधान महिंदा राजपक्षे पायउतार झाले आणि ९ जुलैला जमाव अध्यक्षांच्या निवासस्थानात घुसला. या काळात भारताने काय केले, याविषयी दोन्ही देशांत नाना वावड्या उठल्या आणि त्यांतल्या काही आजही खऱ्या मानल्या जातात.

सर्वांत चिवट वावडी सैन्याची. भारत श्रीलंकेत फौज पाठवत आहे, ही बातमी मे महिन्यात पसरली आणि जुलैत पुन्हा पसरली. कोलंबोतील भारतीय उच्चायुक्तालयाने दोन्ही वेळा तिचे स्पष्ट शब्दांत खंडन केले. एकही भारतीय तुकडी तिथे उतरली नाही. तरीही लोकांचा विश्वास बसला, याला इतिहास जबाबदार आहे. १९७१च्या जनता विमुक्ती पेरामुनाच्या (जेव्हीपी) बंडात सिरिमावो बंदरनायके यांच्या विनंतीवरून भारताने हेलिकॉप्टरे आणि नौदलाची जहाजे पाठवली होती. १९८८मध्ये मालदीवमधला उठाव मोडायला भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले, तेही तिथल्या सरकारने हाक दिल्यावर. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेची गोष्ट मात्र वेगळी. ती दोन्ही देशांतील करारानुसार गेली खरी, पण अकराशेहून अधिक जवान गमावून, तमिळ आणि सिंहली अशा दोघांचाही रोष ओढवून परतली. करारावर सह्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला होता. हा अनुभव गाठीशी असताना २०२२मध्ये दिल्लीने फौजेचा पर्याय गंभीरपणे चाचपला असेल, असे मानायला काही आधार नाही.

याच पठडीतली दुसरी कंडी म्हणजे राजपक्षे कुटुंबाला भारताने पळून जायला मदत केली. महिंदा मे महिन्यात कोलंबो सोडून गेले ते भारतात नव्हे, तर त्रिंकोमालीच्या नौदल तळावर. गोटाबाया १३ जुलैच्या पहाटे श्रीलंकेच्याच हवाईदलाच्या विमानाने मालदीवला गेले आणि तिथून सिंगापूरला. राजीनामाही त्यांनी तिथूनच धाडला. यात भारताचा काही हात नसल्याचे उच्चायुक्तालयाने त्याच दिवशी जाहीर केले होते.

‘भारताने श्रीलंकेला चार अब्ज डॉलर दान दिले’ हे विधान अर्धवट खरे असल्यामुळे जास्त दिशाभूल करते. आकडा बरोबर आहे, दान हा शब्द चुकीचा. या मदतीत अनुदानाचा वाटा लहान होता. बाकी सारा उधारीचा व्यवहार. जानेवारी २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्कच्या चौकटीतील चलन अदलाबदलीच्या करारानुसार ४० कोटी डॉलर दिले. आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत भारताला येणे असलेली रक्कम लांबणीवर टाकली. फेब्रुवारीत एक्झिम बँकेने इंधनासाठी ५० कोटी डॉलरची, तर मार्चमध्ये स्टेट बँकेने अन्नधान्य, औषधे आणि इतर गरजेच्या वस्तूंसाठी १ अब्ज डॉलरची कर्जमर्यादा मंजूर केली. अशा कर्जमर्यादेत रोख रक्कम कर्जदार सरकारच्या हातात पडत नाही. माल भारतीय पुरवठादाराकडून जातो, त्याचे पैसे बँक चुकते करते आणि परतफेड ते सरकार पुढे हप्त्यांनी करते. म्हणजे कोलंबोच्या पंपावर डिझेल पोहोचले, तरी मंत्र्यांच्या खात्यात काही जमा झाले नाही. राजपक्षे यांना भारताने पैसे पुरवून तगवले, असा आरोप करणारे नेमके हेच विसरतात. शिवाय सरकार बदलल्यावरही पुरवठा चालूच राहिला.

निखळ मदतही होती आणि ती लोकांच्या थेट उपयोगी पडली. मार्चअखेर पेरादेनिया रुग्णालयात औषधांअभावी शस्त्रक्रिया थांबल्याचे वृत्त आले, तेव्हा कोलंबो दौऱ्यावर असलेल्या परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी उच्चायुक्तांना लक्ष घालायला सांगितले. एप्रिलअखेर आयएनएस घडियाल हे नौदलाचे जहाज औषधे घेऊन कोलंबोत लागले. तमिळनाडू सरकारने ४० हजार टन तांदूळ, ५०० टन दूधभुकटी आणि औषधे देऊ केली. पहिले जहाज १८ मे रोजी चेन्नईहून निघाले, त्यात ९ हजार टन तांदूळ होता. सुरुवातीला ही मदत श्रीलंकेतील तमिळांसाठी देण्याचा राज्याचा विचार होता. अखेरीस ती सर्व श्रीलंकावासीयांसाठी म्हणून गेली, हे महत्त्वाचे. फक्त तमिळांना दिलेल्या तांदळाने जुन्या जखमेवरची खपली निघाली असती.

श्रीलंका केवळ चीनच्या कर्जात बुडाली आणि भारताने तिला त्यातून सोडवले, ही मांडणी भारतात फार आवडीने केली जाते. चीनचे कर्ज मोठे होते, हे खरेच. पण श्रीलंकेच्या परकीय कर्जातला सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. त्यात २०१९अखेरची बेहिशेबी करकपात, कोविडमुळे आटलेले पर्यटन आणि २०२१मध्ये एका फटक्यात घातलेली रासायनिक खतांची बंदी यांची भर पडली. १२ एप्रिल २०२२ रोजी परकीय कर्जफेड थांबवत असल्याचे सरकारने जाहीर केले आणि मे महिन्यात वापरता येण्याजोगी गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली गेल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. ही कोंडी भारताच्या उधारीने सुटण्यासारखी नव्हती. त्या उधारीने काही महिने तेवढे निभावले. पुढचा मार्ग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून जात होता. त्यासाठी लागणारी कर्जफेररचनेची लेखी हमी भारताने जानेवारी २०२३मध्ये इतर धनकोंच्या आधी दिली आणि मार्चमध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर झाला.

भारताने कोणाची बाजू घेतली, या प्रश्नाचे उत्तर परराष्ट्र मंत्रालयाच्या दोन निवेदनांत सापडते. १० मे आणि १० जुलै २०२२ अशा दोन्ही निवेदनांत पाठिंबा श्रीलंकेच्या जनतेला आहे आणि भर लोकशाही मार्गावर आहे. जुलैच्या निवेदनात राज्यघटनेच्या चौकटीचा उल्लेखही आहे. कोणत्याही नेत्याचे नाव घेतलेले नाही. सरकार कोसळत असताना त्याचा हात न धरता आणि जमावाचीही पाठ न थोपटता लिहिलेली ही वाक्ये आहेत. रूक्ष वाटली तरी ती चांगली उतरली होती. २० जुलैला संसदेत अध्यक्ष निवडला जाण्यापूर्वी भारत मतांची जुळवाजुळव करत असल्याची कुजबुज झाली, तीही उच्चायुक्तालयाने फेटाळली. त्या मतदानात रनिल विक्रमसिंघे १३४ मते मिळवून विजयी झाले, दुल्लस अलहप्पेरुमा यांना ८२ आणि जेव्हीपीचे अनुरा कुमारा दिसानायके यांना अवघी ३ मते पडली.

मदतीमागे निव्वळ शेजारधर्म होता, असे समजणेही भाबडेपणाचे आहे. २२ मार्चलाच श्रीलंकेतून निर्वासितांची पहिली १६ माणसे रामेश्वरमच्या टोकाला उतरली होती. टंचाई वाढली असती तर ओघही वाढला असता. त्रिंकोमालीच्या तेलटाक्यांचा बरीच वर्षे रेंगाळलेला करार जानेवारी २०२२मध्येच मार्गी लागला. पण उपकारांच्या बदल्यात कोलंबो दिल्लीच्या मुठीत आले, हा उलट टोकाचा समजही टिकत नाही. भारताने चिंता व्यक्त करूनही चीनचे ‘युआन वांग ५’ हे संशोधन जहाज १६ ऑगस्ट २०२२ रोजी हंबनटोटा बंदरात लागलेच.

सप्टेंबर २०२४मध्ये थेट जनतेच्या मतांनी अध्यक्षपदी आले ते दिसानायके. १९८७नंतर भारतविरोधी उठाव करणाऱ्या पक्षाचे हे नेते. पण निवडणुकीच्या सात महिने आधी, फेब्रुवारीतच, भारत सरकारने त्यांना निमंत्रण देऊन बोलावले होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिला परदेश दौरा केला तो डिसेंबर २०२४मध्ये, दिल्लीचा.