डाळिंबावरील तेल्या आणि पावसाचे दिवस

बाजारात डाळिंब निवडताना आपण त्याचा रंग पाहतो, ते हातात तोलून पाहतो आणि सालीवर काळा डाग दिसला की मुकाट्याने परत ठेवतो. त्या डागामागे एखाद्या बागाइतदाराचे सबंध वर्ष बुडालेले असू शकते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

या रोगास शेतकरी ‘तेल्या’ म्हणतात. तो ज्या जंतूमुळे होतो त्याचे झँथोमोनास हे शास्त्रीय नाव भारदस्त खरे. परंतु तेल्या हा शब्द अधिक नेमका आहे. पानावर तेलाचा थेंब सांडावा तसा ठिपका प्रथम दिसतो व पुढे काळसर होतो. फळावर असे ठिपके वाढले की साल चिरते. आतील दाणे पुष्कळदा चांगले असतात. पण चिरलेले फळ विकत कोण घेणार?

भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. मात्र त्याचा खरा तडाखा महाराष्ट्र व कर्नाटकातील बागांना बसला तो या शतकाच्या पहिल्या दशकात. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालचे.

डाळिंबाचे झाड वर्षातून केव्हाही फुलू शकते. म्हणून बागाइतदार पाणी तोडून त्यास ताण देतो आणि मग पाणी सोडून हवा तो बहार धरतो. जून-जुलैत फुलणारा तो मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरातील हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीतील आंबे बहार. मृग बहारास पाणी आभाळातून मिळते. जेथे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तेथे हा मोह आवरावा तरी कसा? परंतु उबदार, दमट हवेचे हेच दिवस जंतूलाही मानवतात. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटतो, त्याचे तुषार वाऱ्याने शेजारच्या झाडावर जातात आणि पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून वा एखाद्या जखमेतून रोग आत शिरतो.

हस्त बहाराची फळे कोरड्या थंडीत वाढतात. त्यांना उपद्रव कमी. पण त्यासाठी ताण द्यावयाचा तो ऐन पावसाळ्यात! वरून सरी कोसळत असता झाड तहानलेले ठेवणार कसे? सारी अडचण येथेच आहे. आंबे बहाराची फळे पिकता पिकता पावसात सापडतात, ही त्याची दुसरी बाजू.

रोगी झाडावर बांधलेल्या गुटीतून रोग नव्या बागेत पोचतो. म्हणून रोपे पारखून घ्यावी लागतात. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकात बुडवावी, गळलेला पाला वेचून जाळावा आणि बोर्डो मिश्रण फवारावे. शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद व एक किलो चुना, हे त्याचे नेहमीचे प्रमाण. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस पुट चढले, तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा.