धोटा अजून का पळतो?

भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीत शिरलं की आधी ऐकू येतो तो धोट्याचा खटखटाट. त्या आवाजामागचा हिशेब मांडून पाहा. तीस नंबरच्या सुताचा सव्वा मीटर धागा भरतो जेमतेम 25 मिलिग्रॅम. एवढासा आडवा धागा, म्हणजे बाणा, उभ्या ताण्यातून पलीकडे न्यायला साधा माग शेकडो ग्रॅम वजनाचा लाकडी धोटा फेकतो, अडवतो, उलटा फेकतो, आणि हे मिनिटाला शंभराहून अधिक वेळा!

धोट्याला रजा देणारे माग कधीच निघालेत. स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने ते 1950च्या दशकात बाजारात आणले. रेपियर मागात एक चिमटा धागा पकडून नेतो. एअरजेटमध्ये तर नुसता हवेचा झोत पुरतो आणि वेग मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या पुढे जातो. मग साधे माग अजून का चालतात?

माणसं जुन्या वळणाची आहेत, हे उत्तर मला पटत नाही. 1857नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग चालवले, आणि याच गावाने पुढे हातमाग सोडून यंत्रमाग घेतला. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग स्वस्तात मिळत. ऐपतीप्रमाणे दोन घ्या, चार घ्या. बिघडला तर दुरुस्त करणारा गल्लीतच. 1982च्या गिरणी संपात मुंबईचं काम भिवंडीकडे वळलं, तेव्हा हेच माग रात्रंदिवस चालले. नवं यंत्र आवाक्यात आलं की भिवंडीने ते उचललं आहे.

बिनधोट्याचा माग असा सुटा येत नाही. वेग वाढला की कच्चं सूत तुटतं, म्हणून सूत चांगलं हवं, सायझिंग, म्हणजे सुताला दिलेली खळ, नेमकं हवं. वीज अखंड हवी, एअरजेटला वर कॉम्प्रेसर. आणि व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या छोट्या मालकाला सूत निवडायचा अधिकार कुठे असतो?

सॉल्टर नावाच्या ऑस्ट्रेलियन अर्थशास्त्रज्ञाने 1960 साली एक विलक्षण साधी गोष्ट मांडली. जुन्या यंत्राची किंमत वसूल झालेली असते. त्याने रोजची मजुरी आणि वीज भागवली तरी पुरे. नव्याला मात्र त्यावर स्वतःची किंमतही कमवावी लागते. म्हणजे नवं यंत्र सरस असूनही जुनं चालू ठेवणं फायद्याचं ठरू शकतं. मजुरी जितकी कमी, तितकं जुन्याचं आयुष्य मोठं.

पण मला सर्वांत चकित केलं ते पाकिस्तानातल्या सियालकोटने. तिथे फुटबॉल बनतात. संशोधकांनी तिथल्या 35 कारखान्यांना फुटबॉलचे पंचकोनी तुकडे कापायचा नवा साचा फुकट दिला. पंचकोनांची मांडणी बदललेली, त्यामुळे त्याच रेक्झिनमधून जास्त तुकडे निघत. पंधरा महिन्यांनीही तो वापरणारे कारखाने मोजकेच! कापणाऱ्यांना मजुरी नगावर. नव्या साच्याने सुरुवातीला हात मंदावतो, म्हणजे त्यांची कमाई घटते. वाचलेल्या रेक्झिनचा फायदा मालकाचा. मग ते मालकाला साच्याचे गुण कशाला सांगतील? काही कारखान्यांत साचा नीट वापरून दाखवणाऱ्या कामगाराला महिन्याच्या पगाराइतकं बक्षीस दिलं, आणि तिथे साचा वापरणाऱ्या कारखान्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं.

भिवंडीच्या मागावरचा कामगारही मीटरवरच मजुरी घेतो. 1 एप्रिल 2017 रोजी केंद्र सरकारची पॉवरटेक्स इंडिया योजना भिवंडीतूनच सुरू झाली. साधे माग सुधारायला अनुदान हा तिचा एक भाग होता. असं अनुदान मालकाच्या यंत्रापर्यंत पोचतं. पुढची योजना आखणाऱ्यांनी नवा माग शिकताना बुडणारी कामगाराची मजुरीही त्यात धरावी.