बुडालेल्या गावांचे बिशप

बिशपला गाव लागतं. वसईचा बिशप, नाशिकचा बिशप अशी ओळख असते ती उगाच नाही. नेमणुकीचं ठिकाण ठरल्याशिवाय कोणालाही दीक्षा देऊ नये, असा नियम 451 साली कॅल्सेडनच्या परिषदेनं केला होता. म्हणून कॅथलिक चर्चमध्ये बिशप म्हटला की धर्मप्रांत आलाच.

पण मोठ्या धर्मप्रांतांत साहाय्यक बिशपही असतात. पोपचे राजदूत तर बहुधा आर्चबिशप असतात. त्यांना कुठलं गाव द्यायचं?

याचं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. त्यांना बुडालेली गावं देतात! उत्तर आफ्रिकेत एके काळी गावोगाव बिशप होते. 411 साली कार्थेजच्या एकाच परिषदेला पाचशेहून अधिक जमले होते. पुढे राज्यं बदलली, शहरं ओस पडली, चर्चचे चौथरेही दिसेनासे झाले. नावं मात्र रोमच्या दप्तरात राहिली, आणि आजही तिथं रीतसर नेमणुका होतात. जिथं एकही श्रद्धावंत उरलेला नाही, त्या गावाचा हा बिशप.

फ्रान्समधल्या एव्हरोचे बिशप झाक गायो यांना 1995 साली त्यांच्या रोखठोक मतांपायी गादीवरून हटवण्यात आलं. बिशपपद तर कायम, मग गाव कुठलं? अल्जीरियातलं, कधीच नामशेष झालेलं पार्तेनिया. गायोंनी त्या नावानं इंटरनेटवर सीमा नसलेला धर्मप्रांतच उभा केला.

मला त्याहून जवळची वाटते ती दिवाडी बेटावरच्या मातेउश दे कास्त्रो यांची कथा. ब्राह्मण कुळातले हे गोंयकार. गोव्यात धर्मगुरू होता येईना, म्हणून थेट रोमला गेले. 1637 साली बिशप झाले, पण पूर्वेकडच्या धर्मप्रांतांवर बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा. तेव्हा रोमनं त्यांना नाव दिलं दूरच्या ख्रिसोपोलिसचं आणि काम दिलं आदिलशाही मुलखातलं. ख्रिसोपोलिसचे हे बिशप राहिले डिचोलीत, पोर्तुगीज हद्दीला लागून, आपल्या दिवाडीपासून फार तर दिवसभराच्या वाटेवर.