दुखत नाही, म्हणून थांबू नका

डोळ्याचा आजार म्हटला की आपल्याला आधी आठवतो तो मोतीबिंदू. मोतीबिंदू बहुधा सवड देतो. दिवाळी होऊ दे, मुलीचे लग्न उरकू दे, असे म्हणत शस्त्रक्रिया थोडी पुढे ढकलली तरी सहसा बिघडत नाही. डोळ्याचा पडदा सरकला तर मात्र अशी सवड नसते.

हा पडदा म्हणजे दृष्टिपटल, रेटिना. डोळ्याच्या आतले हे अस्तर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. डोळ्याची पोकळी जेलीसारख्या पारदर्शक पदार्थाने भरलेली असते. वय वाढते तशी ही जेली पातळ होते आणि पडद्यापासून सुटते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. काहींच्या डोळ्यात मात्र सुटताना ती पडद्याला ओढते आणि पडदा फाटतो. त्या फटीतून पाणी मागे शिरते आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो.

डोळा आधी सूचना देतो. एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागते, काजळी उधळल्यासारखी वाटते. अंधारात कडेला वीज चमकल्याचा भास होतो. पुढे एका बाजूने सावली सरकत येते. वर्षानुवर्षांचा एखादा ठिपका असेल तर घाबरू नका. नवे आणि अचानक वाढलेले ठिपके महत्त्वाचे. माझे रुग्ण बहुधा एकच वाक्य सांगतात, ‘डॉक्टर, दुखत नव्हते, म्हणून थांबलो.’ हा आजार दुखत नाही, डोळा लालही होत नाही. शिवाय दुसरा डोळा उणीव भरून काढतो. म्हणून शंका आली की एकेक डोळा झाकून पाहावे.

जाड उणे नंबरचा चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, डोळ्याला चेंडूचा वा विटीचा मार बसलेले, घरात कुणाला हा आजार झालेला असणारे, यांनी अधिक जागरूक राहावे.

लक्षणे दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. औषधाच्या दुकानातून थेंब आणून पडदा चिकटत नाही. तपासणीसाठी बाहुली मोठी करतात, त्यानंतर काही तास धूसर दिसते. तेव्हा सोबत कुणाला तरी न्या आणि स्वतः गाडी चालवू नका.

पडदा नुसता फाटला असेल तर बहुधा लेझरने फटीभोवतीचा भाग चिकटवून काम भागते. सुटला असेल तर शस्त्रक्रिया लागते. कधी बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात, कधी जेली काढून आत वायू किंवा सिलिकॉनचे तेल भरतात. वायू भरल्यावर डॉक्टर सांगतील तशी मान ठेवावी लागते आणि तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण उंचीवर वायू फुगतो.

शंभर वर्षांपूर्वी हा आजार म्हणजे जवळजवळ अंधत्वच होते. फाटलेली जागा बंद केली तर पडदा पुन्हा बसतो, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉ. ज्यूल गोनँ यांनी 1920च्या दशकात दाखवून दिले. आजचे उपचार त्याच तत्त्वावर उभे आहेत.

वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे पडद्याचा मधला भाग करतो. तो जागेवर असतानाच उपचार झाले तर दृष्टी चांगली राहण्याची शक्यता बरीच असते. तो सुटल्यावर पडदा बसवता आला, तरी नजर पूर्वीसारखी होईलच असे नाही. म्हणून सावली दिसली, तर उद्यावर टाकू नका.