बर्फातली वाट

कॅनडाच्या उत्तरेला फार थंड समुद्र आहे. हिवाळ्यात तिथले पाणी गोठून दगडासारखे होते. त्यातून आशियाकडे जायची वाट शोधायला १८४५ साली इंग्लंडहून दोन मोठी जहाजे निघाली. ती बर्फात अडकली. १२९ माणसे दगावली.

पुढे १९०३ साली नॉर्वेचा अमुंडसेन निघाला. गलबत लहान, मासेमारीचे. उथळ पाण्यातूनही जाणारे. माणसे अवघी सात. दोन हिवाळे ते एका बेटाशी राहिले. तिथल्या इनुइट लोकांकडून ते केसाळ कातड्याचे कपडे वापरायला शिकले, बर्फाचे घर बांधायला शिकले. १९०६ साली त्यांचे गलबत पलीकडे पोचले.

आपणही परमुलखात गेलो, तर तिथल्या माणसाला आधी विचारावे. विचारण्यात कमीपणा कसला? थंडी कशी सोसावी, हे थंडीत वाढलेल्यालाच ठाऊक!