बुडावरची दोन अक्षरं

दिवाळीआधी आठवडाभर आमच्या शिंदखेड्याच्या घरात पितळी भांडी माळ्यावरून खाली यायची. हंडे, तांबे, समया आणि त्यांच्यात बोटभर लांबीची एक पुंगळी. आजी तिच्यात उदबत्ती खोवायची. चिंच-राख लावून ती घासण्याचं काम माझं. घासली की बुडावर दोन इंग्रजी अक्षरं उजळायची: के आणि एफ. आजोबा सांगायचे, “थ्री नॉट थ्रीची आहे.” माझी करंगळी तिच्या तोंडातून सहज आत जायची आणि आत डोकावलं की तळाशी दोन बारीक भोकं दिसायची.

आजोबांची गफलत झाली होती, हे कळायला मला तीस वर्षं लागली. तोवर ती पुंगळी मोडीत गेली होती आणि मला मात्र जुन्या काडतुसांचा नाद लागला होता.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ची चरबी आठवते. ते काडतूस कागदी होतं. त्यानंतर दहा वर्षांच्या आत स्नायडर रायफलीसाठी कर्नल बॉक्सरने पितळी पत्र्याचं काडतूस केलं. त्याच्या बुडाला बाहेर आलेला काठ होता. या काठामुळे काडतूस नळीत नेमकं अडतं आणि त्यालाच आकडा लावून रिकामी पुंगळी बाहेर ओढता येते. १८७१ला मार्टिनी-हेन्री आली. तिच्यात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची शिशाची गोळी. १८८८ नंतर थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ बोअरची रायफल आली. काळी दारू जाऊन कॉर्डाइटच्या बिनधुराच्या काड्या आल्या, आणि १९१०पासूनची टोकदार गोळी उरली अवघ्या ११ ग्रॅमची. काठ मात्र तिन्हींना.

ही झाली तंत्राची वाट. हिंदुस्थानात तिला समांतर दुसरी वाट होती. गोऱ्या पलटणींना स्नायडर मिळाली, तेव्हा देशी शिपायाच्या हाती जुनी ठासणीची एनफिल्ड. गोऱ्यांना मार्टिनी, तर देशींना उतरलेली स्नायडर. १८५७ नंतर देशी शिपाई एक पिढी मागे ठेवायचा, हे धोरणच होतं.

आपणच नेमलेला राखणदार उलटू शकतो, हा धडा इंग्रजांना खानदेशातही मिळाला होता. १८२५मध्ये औट्राम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, ती भिल्लांकडूनच भिल्लांचा बंदोबस्त करून घेण्यासाठी. खाजा नाईक हा असाच सरकारने नेमलेला, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाचा राखणदार. १८५७मध्ये तो उलटला आणि त्याने इंदूरहून निघालेला सुमारे ७ लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यात त्याची आणि इंग्रजांची अंबापाणीची लढाई झाली. राखणदाराच्या हातात बंदूक तर द्यायला हवी, पण ती आपल्यावर फिरली तर? पुढची नव्वद वर्षं सरकार या प्रश्नाची उत्तरं शोधत राहिलं, आणि ती काडतुसांत सापडतात.

१९०७च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी आली, कारण त्यांच्या गोळ्या जुन्या मार्टिनींना चालल्या असत्या. थ्री नॉट थ्रीही लष्करी म्हणून सामान्य माणसाला बंद. शिकारी आणि शेतकऱ्यांच्या वाट्याला .३१५ आलं. मूळचं ते ऑस्ट्रियाचं ८ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस. आपल्या लष्कराच्या कुठल्याच रायफलीत न चालणारं, म्हणूनच परवानगीचं. परवानाधारकांकडे आजही दिसणाऱ्या ‘थ्री फिफ्टीन’चा जन्म हा असा आहे.

या मालिकेतलं सगळ्यात बोलकं काडतूस .४१० मस्केटचं. इशापूरच्या कारखान्यात थ्री नॉट थ्री रायफलींची नळी रुंद केली, आटे काढले, मॅगझिन निकामी केलं. एका वेळी एकच बार. काडतूस थ्री नॉट थ्रीच्याच पुंगळीचं, फक्त तिची मान आवळायची नाही. असं रुंद तोंडाचं काडतूस लष्करी रायफलीत शिरतच नाही. ही बंदूक पहारेकरी आणि तुरुंगरक्षकांसाठी होती. बाहेरून रायफल, आतून एकबारी. पहारेकऱ्याच्या हातून ती हिसकावली, तरी बंडखोराच्या हाती फारसं काही लागू नये, हा हिशेब.

थ्री नॉट थ्रीचं तोंड ८ मिलिमीटरहूनही अरुंद, .४१०चं १० मिलिमीटरच्या पुढे. पोराची करंगळी पहिल्यात अडते, दुसऱ्यात जाते. आजीची पुंगळी .४१०ची होती.

परदेशातले हौशी नेमबाज जुन्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात. त्यांना के. एफ. शिक्क्याची पुंगळी त्रासदायक वाटते, ती त्या दोन भोकांमुळे. ही बर्डन पद्धत. बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच भोक असतं, त्यातून सळई घालून ठिणगी देणारी जुनी टोपी ढकलता येते. इथे तसं जमत नाही. विशेष म्हणजे बर्डन अमेरिकी आणि बॉक्सर इंग्रज, तरी अमेरिकेने बॉक्सरची टोपी घेतली आणि ब्रिटिश साम्राज्याने बर्डनची.

के. एफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, १८६९पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना. राखणदारावरचा अविश्वास आपल्याच माणसांच्या हातांनी तिथे पितळेत ओतला जात होता. इतकं करूनही १४ एप्रिल १९४४ला आमच्याच तालुक्यात, चिमठाण्याजवळ, स्वातंत्र्यसैनिक डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याहून आलेल्या त्यांच्या साथीदारांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. खाजा नाईकानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी, पुन्हा खानदेशातच.

१९६४मध्ये भुसावळ तालुक्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. तिथली ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं बिनकाठाची आहेत, आणि ती जवानाला त्याच्यावर भरवसा ठेवून दिलेली आहेत. महामार्गावरून जाताना तो कारखाना आला की मी करंगळीकडे पाहतो. आता ती त्या पुंगळीत जाणार नाही. पण ती पुंगळी आजोबा सांगत होते त्या बंदुकीची नव्हती, याचा पुरावा माझ्याकडे तेवढाच उरला आहे.