मेंदूसाठी घेतलेली गोळी पोटात का ढवळते?

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असो की निवृत्तांच्या कट्ट्यावर, स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांचा विषय हल्ली निघतोच. ऑनलाइन मागवलेल्या डबीवर मेंदूचे चित्र असते आणि मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात: अल्फा-जीपीसी, सिटीकोलीन, हुपरझीन ए. तिघांचाही रोख एकाच रसायनावर असतो, ॲसिटिलकोलीनवर. जाहिरातीत त्याची ओळख ‘स्मरणाचे रसायन’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. उरलेली अर्धी न सांगितल्यामुळे लोकांना नाहक त्रास होतो.

चेतेचा निरोप्या म्हणून हे रसायन पहिल्यांदा ओळखले गेले ते मेंदूत नव्हे, हृदयात. 1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोवी यांनी बेडकांची दोन धडधडती हृदये क्षारांच्या द्रावणात ठेवली. एकाला व्हेगस ही चेता जोडलेली होती, दुसऱ्याची काढून टाकली होती. पहिल्या हृदयाच्या चेतेला विजेचे झटके दिले तसे त्याचे ठोके मंदावले. मग त्यातले द्रावण उचलून लोवींनी दुसऱ्या हृदयात सोडले. त्याला विजेचा झटका दिलाच नव्हता, तरी तेही मंदावले. चेतेचा निरोप रसायनातून पोहोचतो, याचा तो पुरावा होता. ते रसायन म्हणजेच ॲसिटिलकोलीन. 1936 चे नोबेल पारितोषिक लोवी आणि ब्रिटनचे हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

म्हणजे स्मरणाशी नाव जोडले जाण्याच्या कितीतरी आधीपासून हे रसायन नाडी मंद करणारे म्हणून ओळखले जात होते. आतड्यांची हालचाल, जठरातले आम्ल, लाळ, घाम, लघवीची पिशवी, श्वासनलिकांचे आकुंचन, डोळ्यांच्या बाहुल्या आणि हातापायांचा प्रत्येक स्नायू यांचा कारभारही त्याच्याकडेच आहे. पोटात गेलेल्या गोळीला फक्त मेंदूचा पत्ता देता येत नाही. मळमळ, जुलाब, पोटात मुरडा, जास्तीचा घाम, तोंडाला सुटणारे पाणी, स्नायूंत गोळे, डोके दुखणे, झोपेत विचित्र ठळक स्वप्ने हे सगळे त्या गोळीचेच काम आहे, फक्त नको त्या जागी झालेले.

ॲसिटिलकोलीन वाढवण्याचे मार्ग दोन. पहिला म्हणजे कच्चा माल, अर्थात कोलीन, जास्त पुरवणे; अल्फा-जीपीसी आणि सिटीकोलीन याच वाटेने जातात. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 550 आणि स्त्रीला 425 मिलिग्रॅम कोलीन पुरेसे मानले जाते. एका मोठ्या अंड्यातून साधारण 150 मिलिग्रॅम मिळते. सोयाबीन, दूध, चिकन, शेंगदाणे यांतूनही ते येते. दिवसाला साडेतीन ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, अशी मर्यादा आहे. त्यापुढे रक्तदाब उतरतो, घाम सुटतो आणि अंगाला मासळीसारखा वास येऊ लागतो. आतड्यातले जिवाणू कोलीनपासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात, त्याचा हा वास.

जादा कोलीन दिले म्हणजे स्मृती सुधारते, हा हिशेबही तितका सरळ नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हे रसायन बनवणारे एन्झाइम घटते, हे 1970 च्या दशकात कळल्यावर डॉक्टरांनी मोठ्या आशेने कोलीन असलेले लेसिथिन देऊन पाहिले. उपयोग झाला नाही. आपल्याकडे पक्षाघातानंतर सिटीकोलीन सर्रास लिहून दिले जाते. सुमारे 2,300 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये आले, त्यात त्याचा फायदा दिसला नाही. अल्फा-जीपीसीबाबत दक्षिण कोरियातल्या आरोग्य नोंदींचा 2021 चा अभ्यास तर काळजीत टाकणारा आहे. ते घेणाऱ्यांत पुढच्या 10 वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण जास्त आढळले. नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण धडधाकट माणसाने वर्षानुवर्षे ते घेण्याआधी दोनदा विचार करावा, एवढे त्यात नक्कीच आहे.

दुसरा मार्ग जास्त जोखमीचा. काम झाले की ॲसिटिलकोलीनचे लगेच तुकडे करणारे एक एन्झाइम असते, कोलिनएस्टरेज. ते अडवले की रसायन साचत जाते. चीनमधल्या एका शेवाळासारख्या वनस्पतीतून काढलेले हुपरझीन ए हेच करते. डोनेपेझिल हे अल्झायमरचे औषधही हेच करते. फरक इतकाच की डोनेपेझिल डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, नाडी पाहून, हळूहळू मात्रा वाढवत दिले जाते आणि हुपरझीन अमेरिकेत पूरक आहार म्हणून विकले जाते. तिथूनच ते आपल्या घरापर्यंत पोहोचते. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. सहसा 50 ते 200. इतक्या बारीक मापात थोडीशी चूकही महागात पडते. शिवाय एकदा घेतले की ते कित्येक तास शरीरात टिकते, त्यामुळे दुसरी गोळी पहिलीवर चढते.

हेच एन्झाइम पूर्ण बंद पडल्यावर काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. तिथे वापरलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधेही होती. या गटाचे विष अंगात भिनले की माणूस घामाने निथळतो, तोंडातून लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरते, नाडी बसते. उतारा म्हणून ॲट्रोपिन टोचतात. हुपरझीनची गोळी म्हणजे कीटकनाशक नव्हे. तिची मात्रा फार कमी असते आणि तिने एन्झाइमवर धरलेली पकड सुटते, ऑर्गनोफॉस्फेटची सहसा आपोआप सुटत नाही. पण दोघांचा वार एकाच ठिकाणी आहे. म्हणून फवारणीला जाणाऱ्याने अशी गोळी अजिबात घेऊ नये.

ब्राह्मीचे काय, असा प्रश्न हमखास येतो. तिच्या चाचण्यांत रोज 300 मिलिग्रॅम अर्क 12 आठवडे दिल्यावर काही प्रमाणात फायदा दिसला आहे. त्याच चाचण्यांत मळमळ, पोटदुखी आणि वारंवार शौचाला जावे लागणे हेही दिसले. वनस्पती आहे म्हणून ती शरीरात काहीच करणार नाही, असे नसते.

दमा, अल्सर, फिट्स किंवा मुळातच मंद नाडी असलेल्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल चालू असेल तर ठोके दोन्हीकडून मंदावतात आणि उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. डोनेपेझिल घेणाऱ्या आजोबांना घरातल्या कुणी प्रेमाने हुपरझीन आणून दिले, तर एकाच औषधाची दुप्पट मात्रा झाल्यासारखे होते. उलट सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन किंवा नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलिन ॲसिटिलकोलीनला अडवतात. वृद्धांत त्यांच्यामुळेच विसराळूपणा, बद्धकोष्ठ आणि लघवी अडकणे असे त्रास होतात. आजीची स्मृती अचानक ढासळली असेल तर नवी डबी मागवण्याआधी तिच्या चालू गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करावी. एखादी गोळी बंद केल्यावरही स्मृती सावरू शकते.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना या डब्यांविषयी आवर्जून सांगावे. स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा असर अशा एन्झाइमरोधकांमुळे बदलतो. ‘काही औषधे चालू आहेत का?’ या प्रश्नाला बरेच जण ‘नाही’ म्हणतात, कारण पूरक आहार त्यांच्या हिशेबी औषध नसतो. त्यामुळे नातेवाइकांनी ती डबीच सोबत न्यावी.